हळदीचा शर्ट

पावडरीत घातला की लाल होतो
मारोतीचा मोंढ्यातला शर्ट.
दिवसभर हळदीची पोती वाहिलेला,
फेसाला शिवतो न शिवतो
तोच बादलीत जखम धुतल्यासारखं पाणी.
शेजारीण कुंपणावरून: कुणाला लागलं वो?

कुणाला न्हाई.
माझीच बोटं चिरलेली पेरापेराशी,
तिखटात झोंबणारी.

वसमतच्या खाजाभाई अत्तारानं
पावशेर रिठे जोखले,
वर मूठभर शिकेकाई, तशीच.
"फेस न्हाई आला तर बोअरला बोल लाव,
रिठ्याला नको."

रात्री भिजवले, पहाटे उकळले.
काळ्या बिया बबीनं पळवल्या खेळायला.
जुन्या ओढणीतून गाळलं:
कोऱ्या चहाच्या रंगाचं, आंबूस वासाचं.
फेस आला, पण लाजत.

शर्ट लाल झाला नाही.
पिवळाच राहिला, हट्टी.
मग तारेवर तीन दिवस
उन्हानं थोडी थोडी नेली हळद;
कॉलरची तेवढी ठेवली.
मारोती म्हणाला, ऱ्हाऊ दे,
उद्या पुन्हा भरणारच हाय.

उरलेलं पाणी वांग्याच्या आळ्यात ओतलं,
दोन दिवस जाऊन बघत होते.
वांगं जगलं.

आज ठेचा कुटला,
मीठ बोटांनीच कालवलं.