बादली

सोहारच्या या घरामागं
भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये
चार पावलं वाळू आहे.
तिला मी बाग म्हणते.

दसऱ्याच्या हारातला वाळका झेंडू
कोपऱ्यात चुरगाळून टाकला होता.
निम्मा उगवला. निम्मा
मुंग्यांनी नेला असेल, नाहीतर वाऱ्यानं.

एसीच्या नळीखाली बादली असते.
आठवलं की ओतते.
विसरले तर भरून वाहते,
आणि जिथवर ओघळ जातो
तिथवर सदाफुली.

शेजारची ज़ुवैना भिंतीवरून डोकावते,
"मेथी लाव, फुलं काय खाणारेस?"
परवा तिच्याच शेळीनं खाल्ली.

आधी माझ्याकडे वही होती.
खताच्या तारखा, सावलीची हिरवी जाळी,
आणि सांगलीहून ओल्या फडक्यात आणलेला एक गुलाब.
जूनमध्ये तो गेला
तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.
सुधन्वा म्हणाला, अगं, पन्नास डिग्री आहे,
माणसं आत बसतात.

आता जून आला की मीही आत बसते.
जळायचं ते जळतं.
ऑक्टोबरात वाळू उकरत नाही, वाट बघते,
तीही फारशी नाही.

मगरिबच्या अजानेला गुलबक्षी उघडलेली असते.
ती मी लावलेली नाही.
पायरीवर चपला काढून बसते.
बादली भरत आलीये.
भरू दे.