अज्ञात इसम

रात्री पावणेदोनला काचा फुटल्या.
आधी वाटलं, टँकर आला असेल,
कुणाचं पिंप आपटलं.
मग दुसरी काच, तिसरी,
आणि मध्येच ती शिवी, जी पोरं
आवाज फुटायच्या आधी शिकतात.

मी लाइट लावला नाही.
गल्लीत कुणीच लावला नाही.
गोधडीत शिरून एकशे बारा दाबला,
आणि कुजबुजत पत्ता सांगताना कळलं
अप्पर डेपोच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी
आपली गल्ली सांगायला किती वेळ लागतो.

उजाडल्यावर मोजलं.
सतरा गाड्या, दोन टेम्पो, जालिंदरची रिक्षा.
जालिंदर रिक्षातच झोपतो,
घरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून.
कोयता त्याच्या खांद्यावर पडला. ससूनला चौदा टाके.
टाके मोजायची मला सवय आहे.

इस्त्रीवाला म्हणाला, मी रात्री गावाला होतो.
त्याचे कोळसे लाल होते.
शिंत्रेकाका म्हणाले, चष्मा नव्हता हो.
कुणी म्हणालं, भाई आहेत ते, परवाच जामिनावर सुटलेत,
तलवारीनं केक कापतात, स्टेटसला टाकतात,
तेव्हा काय झालं कुणाचं?

हवालदारांनी मोबाइल पुढं धरला.
किराणावाल्याच्या कॅमेऱ्यातली चार पोरं, तोंडाला रुमाल.
ओळखता का?
सगळ्यांनी तोंडं पाहिली.
मी बाही पाहिली.

डावी. कफाच्या वर अर्ध्या इंचाची चुणी.
निळा दोरा संपला होता त्या दिवशी, जांभळा घातला होता.
कॅमेऱ्यात रंग येत नाही रात्रीचा.
मला दिसला.
पाचवीत पत्र्यावरून पडला, हात मोडला,
बसला तो जरा आखूडच.
तेव्हापासून त्याचा प्रत्येक शर्ट
मी डावीकडं आत घेते. पैसे घेत नाही.

कागदावर लिहिलं होतं: अज्ञात इसम.
अज्ञात?
माझ्या मापाच्या वहीत आहे तो,
सुजल, अलकाचा, इयत्ता तिसरी, छाती चोवीस,
मग सव्वीस, मग अठ्ठावीस,
दर जूनला एक ओळ,
नववीनंतर ओळ नाही.

हे म्हणाले, आपल्याला इथंच राहायचंय.
रात्रभर तेच म्हणाले, कूस बदलून बदलून.
पहाटे मीही म्हणाले,
आपल्याला इथंच राहायचंय,
आणि चप्पल घातली.

चौकीत पंखा होता, फिरत नव्हता.
वय काय त्याचं?
दिवाळीत अठरा होईल.
मग तो इसम नाही, साहेब म्हणाले,
विधिसंघर्षित बालक.
शब्द इतका लांब की रकान्यात मावेना,
अर्धा त्यांनी खालच्या ओळीत लिहिला.

आणि फिर्यादीचं नाव?

इतका वेळ दुसऱ्याच्या पोराचं नाव घेताना
जीभ अडली नव्हती.
साहेबांनी पेन उचलून धरलं. बाहेर कुणीतरी
गाडीला किका मारत होतं, ती सुरू होईना.
वैजयंता दगडू पवळे.
धंदा?
शिवणकाम.
मोठ्यानं सांगा.
शिवणकाम.

संध्याकाळी अलका आली.
पायाखालचं पायडल आपोआप थांबलं.
दारात उभी, हातात पिशवी, डोळे कोरडे.
गल्लीतल्या खिडक्या उघडल्याचे आवाज आले,
आता बरोबर उघडल्या.

तिनं नवा शर्ट काढला, घड्या न मोडलेला.
उद्या येरवड्याला बोर्डापुढं उभं करणार आहेत त्याला,
म्हणाली. डावी बाही लांब होती.

मी उसवलं, आत घेतलं, टीप मारली.
दोरा ह्यावेळी जुळता होता.
ती बसली नाही. पाणी नको म्हणाली.
शर्ट घेतला, कनवटीचे वीस रुपये काढले,
मशीनवर ठेवले.

नको गं, म्हणेपर्यंत
उतारावर होती.

ती नोट अजून तिथंच आहे,
बॉबिनच्या डबीखाली.
मशीन चालवलं की हलते.