खालची बाजू

तेजलने फोटो पाठवला, रात्री साडेअकराला.
पांढरे पाय, वर उघडं लाकूड,
कडा मुद्दाम खरवडलेल्या,
मधोमध पत्र्याच्या डब्यात वाळकं गवत.
आई, आपलं टेबल असं कर ना. फार्महाऊस लुक.
मी विचारलं, कुठलं फार्महाऊस?
काटोलला मामाच्या शेतावर
आम्ही गोणपाटावर बसून जेवायचो,
आणि पत्र्याच्या डब्यात सरकी असायची, गाईची.
ती म्हणाली, तसं नाही गं.

तर जे तसं नाही, ते करायला
लकडगंजहून शालिकराम मिस्त्री आले.
मे महिना. ब्रशवरचा रंग
टेबलापर्यंत पोचेतो वाळत होता.
त्यांनी फळीवर बोटाने टकटक केली,
टरबूज बघावं तशी.
"बल्लारशाचं सागवान हाय, बाई.
याले पांढरा रंग? काहून?"
फोन हातभर लांब धरून फोटो पाहिला.
"हे तर रंग उडालेलं दिसते."
तसंच हवंय.
"म्हंजे आधी मारायचा, न मंग उडवायचा."
हो.
"मजुरी दोनदाची लागन."

ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीसचा.
पॉलिशखालून एकेक निघत गेलं:
इस्त्रीचं तपकिरी टोक,
सावजीच्या तर्रीचा डाग, जो श्रीधर
पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे,
कंपासने कोरलेला एक भागाकार,
बाकी तशीच राहिलेली.
लाकडाचा भुसा कूलरच्या वाऱ्याने
घरभर, भातात, भुवयांवर.

मग पायांसाठी टेबल उलटं केलं.
चार पाय वर, अंगणात.
डेपोचा हातोड्याने ठोकलेला आकडा होता एका कोपऱ्यात,
आणि त्याच्या बाजूला
लाल पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
सात वर्षांचा हात
उताणं झोपल्यावर जिथवर पोचतो तिथवर.

आठ गठ्ठे आणि एक सुटी.
एक्केचाळीस.

मी यवतमाळला होते तेव्हा.
तब्येतीसाठी, असं श्रीधर सांगायचे इथे
आणि मी तिथे. ठरवलं नव्हतं आम्ही,
तरी दोघांच्या तोंडी तेच आलं.
पण मी अडतीस दिवस होते.
मला पक्कं माहीत आहे, मीही मोजत होते,
आईच्या घरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबात लपवून.
अडतिसाव्या दिवशी गणेशपेठ स्टँडवर उतरले
तर ही श्रीधरच्या मागे उभी,
रविवार असून पायात शाळेचे बूट.

पुन्हा मोजलं, बोट ठेवून.
मिस्त्रींचा चहा बशीत निवत होता.
एक्केचाळीसच.

म्हणजे मी आल्यावरही.
मी पोळ्या लाटत होते, वर ताटं वाजत होती,
सगळं होतं तसं झालं असं मी धरून चालले होते,
आणि ही खाली पडून
एक रेघ, दुसऱ्या दिवशी आणखी एक.
चौथ्या दिवशी थांबली.
किंवा पेन्सिल हरवली असेल.

"खालून बी मारू का, बाई?"
नको.
"बरं. तेवढाच डबा वाचन."

पाय पांढरे झाले. दोन दिवसांनी
मिस्त्रींनी जीव जड करून पातं घेतलं
आणि स्वतःचाच रंग कडांवरून खरवडला,
मान फिरवून,
जणू कुणी ओळखीचं रस्त्यावरून जात होतं.

तेजल जूनमध्ये आली.
या वेळी एकटीच, बॅग मात्र मोठी.
टेबलाच्या कडेवरून हात फिरवला,
अगं, अगदी फोटोतल्यासारखं.
वास जात नाहीये अजून रंगाचा, म्हणाली.
लागतील थोडे दिवस, मी म्हटलं.
तर्रीपोहे वाढले. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली,
लहानपणी बसायची तशी,
एक हात टेबलाखाली.

किती दिवस आहेस, विचारणार होते.
लिंबू पुढे केलं.