काल काय खाल्लं

माझ्या अर्जात पहिलाच प्रश्न हा आहे.
गेल्या चोवीस तासांत, उठल्यापासून, आठवून सांगा.
लातूरच्या दवाखान्यात, शेक देतात त्या खोलीबाहेर,
मी भांडी मांडून बसते:
स्टीलच्या तीन वाट्या, एक पळी
आणि पुठ्ठ्याच्या गोल कापलेल्या भाकरी.

सोजरबाई ढाकणे, वय बावन्न, गाव औशाच्या अलीकडं.
दुखणं गर्भपिशवीच्या तोंडाचं.
ती नुसतं म्हणते, "आतलं."
दोन वर्षं अंगावरून जात होतं,
"वाटलं, गेलेली पाळी माघारी आली."

काल काय खाल्लं, सोजरबाई?
"काल अठरा भाकरी थापल्या."
आणि खाल्ल्या किती?
धाकट्याला तीन, सुनंला दोन, मालकाला चार…
बोटांवर सगळं घर मोजून होतं,
अंगठा तसाच उरतो.
त्याच्याकडं बघून म्हणते, "लिव्हा की, एक."
मी एक लिहिते. खोडून अर्धी करते. पुन्हा एक.

मग चालणं.
तीस मीटरचा व्हरांडा, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू,
सहा मिनिटं, जमेल तेवढं भरभर.
"आन् जायचं कुठं?"
कुठंच नाही. जायचं आणि यायचं.
"असलं बिनकामाचं चालनं पैल्यांदाच बघायलेय,"
ती म्हणाली, आणि पदर खोचला.
दोनशे बारा मीटर. त्यात एकदा भिंत धरली.

मी सांगितलं:
रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा,
हुलग्याचं माडगं प्या, शेक चालू आहे तोवर तिखट कमी,
रोज एक अंडं.
"माझ्यासाठी आनायचं?"
"माझ्यासाठी" हा शब्द तिनं असा उच्चारला
जसं कुणी स्टँडवर
न ऐकलेल्या गावाची गाडी विचारतं.

चालण्यानं गाठ विरघळत नाही.
हे मी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते,
आणि त्यांच्या माना हलताना बघत नाही.
थकवा थोडा उतरतो. भूक लागते.
रात्री तीनला छताकडं बघत पडावं लागत नाही, कधीकधी.
एवढंच. एवढ्यासाठी सात वर्षं.

एकशे चाळीस बायका. त्यातल्या एकतीस जणींच्या
शेवटच्या रकान्यात नव्व्याण्णव.
नव्व्याण्णव म्हणजे माहिती उपलब्ध नाही.
अकरा जणींची माहिती मला उपलब्ध आहे.
दोघींच्या दहाव्याला मी गेले होते.
संगणकाला तसला रकाना नाही.

सोजरबाई दुसऱ्या खेपेला दोनशे चौसष्ट.
तिसऱ्या खेपेला तीनशे एकतीस,
आणि मिनिटं संपली तरी थांबली नाही,
शंकू ओलांडून, औषधांच्या खिडकीपर्यंत गेली,
तिथं कुणाशी तरी भांडून परत आली.
ते अंतर कुठं धरायचं, मी अजून ठरवलेलं नाही.

येळवशीला तिनं शेतात बोलावलं.
कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड,
माठात अंबील, भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा, चिंच
आणि मला न ओळखू येणारे दोन पाले.
मी सवयीनं मनात प्रथिनं मोजत होते.
तिच्या लक्षात आलं असावं.
"काय लिव्हायलाव मनातल्या मनात?
आता मी इचारते. काल काय खाल्लं, बाई?"

चहा. बिस्कीट. चहा.
निलंग्याच्या स्टँडवर अर्धा वडा,
बाकीचा मी कुणाला दिला की टाकला?
अंगठ्याकडं बघायची पाळी माझ्यावर आली.
"आन् तुमची तपासनी? आतली?"

वय त्रेचाळीस. एकशे चाळीस जणींना
मी ती करून घ्यायला पाठवलं आहे, तारखेसकट.
हरभऱ्यातून वारं गेलं. तेवढा वेळ मी काही बोलले नाही.

दवाखान्यात तिच्या मुठीचा जोर
चौदा किलो भरला होता.
आज तिनं माझं मनगट धरलं, कोपीत ओढलं.
यंत्र गाडीतच राहिलं होतं.
"बसा खाली. आदी जेवा.
मंग सांगा, कवा जायचं. मी येते संगं."