मगरीशिवाय विश्वामित्री

दोन वर्षं लागली मला बडोदं बसवायला,
एकशे अठ्ठावीस चौकोन लांब, तितकेच रुंद.
दिवसभर कचेरीत भूमापनाचे नकाशे,
जेवण झालं की दांडिया बाजारच्या मागच्या खोलीत
पंख्याखाली, बनियनवर,
हा.

चार दरवाजे घातले: लहेरीपुरा, पाणीगेट,
चांपानेर, गेंडी. मधोमध मांडवी.
सोन्याची खाण सुरसागरात सगळ्यांनी शोधली असती,
म्हणून न्यायमंदिराच्या पायऱ्यांखाली पुरली.
आणि विश्वामित्रीत मगर.

मगर कुणाच्याच बाजूची नव्हती.
निळ्याचे भालाईत खायची, तांबड्याचेही.
काळ्या घोड्याच्या पुलाखाली पडून राहायची
ओंडक्यासारखी, साठ सेकंद,
मग एकदम.
फतेपुऱ्याचा सोहेल चिडला, काका, आ तो चीटिंग छे!
म्हटलं, बेटा, ही नदी आहे.

शनिवारी रात्री आम्ही अकरा जण.
कारेलीबागेतून भक्ती दळवी, मांडीवर बाळ घेऊन
एका हाताने खेळायची
आणि तरी जिंकायची.
हरणाऱ्याने रविवारी सेव-उसळ, असा तह होता.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात
मांजा गुंडाळायचा सोडून कंपनीचं पत्रक वाचत बसलो.
कलम चौदा.
खेळाडूने केलेला नकाशा कंपनीचा.
खऱ्या गावाचं नाव चालणार नाही.
चारांच्या वर खेळायचं तर मंजुरी,
मंजुरीला नव्वद दिवस,
नाकारल्यास कारण कळवण्याचं बंधन नाही.
पाण्यात फक्त यादीतले प्राणी.
यादीत बदक होतं, मासा होता,
होडीही होती, का कोण जाणे.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा
आवाज ओळखीचा वाटला.
माझाच होता.

नव्वद दिवस, कारण कळवण्याचं बंधन नाही:
हे मी खिडकीतून बावीस वर्षं म्हणतोय,
चहा निवायच्या आत.
वाडीतल्या यमुनाबाई जगदाळे
आपल्याच घराच्या नकाशाची नक्कल मागत होत्या.
म्हटलं, घर तुमचं असेल बाई,
नकाशा सरकारचा.
त्या म्हणाल्या, मग मोजताना टेपचं टोक
मला का धरायला लावलं होतंत?
मी पुढचा नंबर पुकारला.

तर अर्ज केला.
बडोद्याचं 'नदीकाठ ३' केलं,
मांडवीची 'मध्य इमारत'.
दरवाज्यांना दिशांची नावं दिली; चांपानेरला पश्चिम दिलं
ते चुकलंय, पण कोण तपासतंय.
मगरीपाशी बराच वेळ बसलो.
खोडताना यंत्र विचारतं, खात्री आहे?
आमच्या कचेरीत एवढंही कुणी विचारत नाही.

सत्त्याऐंशीव्या दिवशी मंजुरी आली.
खाली कंपनीचं नाव आणि साल.
आता कुठले कुठले लोक खेळतात त्यावर,
धाडधाड पाण्यातून जातात, भिजतसुद्धा नाहीत.
मी एकदा पाहिलं, मग पाहणं सोडलं.
यमुनाबाईंचा अर्ज
खणातून काढून टेबलावर ठेवलाय. सध्या तरी टेबलावरच आहे.

काल शनिवार.
सोहेलचं अख्खं घोडदळ दौडत आलं
आणि पुलाच्या अलीकडे थबकलं.
पलीकडे सोनं उघडं, पहारा नाही,
पाणी गुडघाभर, निळंशार, रिकामं.
घोडे शेपट्या हलवत उभे.
भक्तीने लिहिलं, अरे जा ना, आता काही नाहीये तिथे.
बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.
मग सोहेलने लिहिलं,
तुम्ही जाओ ने, दीदी.