लाईट चालू आहे

नळस्टॉपला एकजण बोटांची उघडमीट करतो.
म्हात्रे पुलावर स्कार्फमधले नुसते डोळे:
"काका, लाईट!"
दांडेकर पुलाच्या सिग्नलला एक आजोबा
काच खाली करून, सावकाश:
"भर दुपारी कुणाला ओवाळताय?"

मी मान हलवतो.
या गाडीला बंद करायचं बटणच नाही
हे सांगेपर्यंत सिग्नल सुटतो.

जुन्या गाडीला होतं.
बंदच असायचं.
वारज्याच्या वळणावर टेम्पोवाला
खरंच कळवळून म्हणाला होता,
"दिसलाच नाहीत हो."
मांडीत सळई आहे अजून. थंडीत बोलते.

आज सिंहगड रोड संपत आला
तरी कुणीच बोटं उघडली नाहीत.
वाकून पाहिलं, दिवा होता.
तरी उगाच
हॉर्न वाजवला.