कितवी?

हिंगोली जवळ पडते, तरी मी परभणीला जाते.
औंढ्याहून सकाळची सातची गाडी.
घरी सांगते, अस्तराचं कापड आणायचंय.
आणतेही दोन मीटर, खोटं उघडं पडू नये म्हणून.

फिरदोस मॅडम दर खेपेला तेच चार प्रश्न विचारतात:
खोकला? ताप? रात्री घाम? वजन घटलं?
मी चारदा नाही म्हणते, मशीनच्या टाक्यासारखं सरळ.
या खेपेला त्या म्हणाल्या,
नाही ना, म्हणूनच ही घ्यायची.
सहा महिने, रोज एक. आणि सोबत ही दुसरी,
हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून.

मी उठलेच.
आहे त्या आजाराचा डबा हरभऱ्याच्या डाळीत लपवते,
नसलेल्याचा कुठं लपवू?

म्हणाल्या, कणगीत निंबाचा पाला
किडा दिसल्यावर घालतो का आपण?
सांगणार होते, कणग्या राहिल्यात कुठं मॅडम,
पत्र्याची कोठी आहे, आता तिच्यात पावडरच्या पुड्या टाकतात.
पण मला त्यांचा खोकला ऐकू आला.
माझ्या माणसाचा.
वर्षभर आम्ही त्याला जिनिंगची धूळ म्हणालो,
सरकीची, रुईची, कुणाकुणाची.
डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरला
तेव्हा कळलं त्याचं खरं नाव.
तोवर चादरीखाली माणूस कमी अन् घडी जास्त होती.

मी बसले. पाकीट घेतलं.

औषधाच्या रांगेत पुढं एक बाई.
पाठीवरून ओळखली.
काखेतली ती चूण माझ्याच हातानं चुकलेली,
दिवाळीच्या घाईत.
कौसा. आमच्याच गल्लीतली, भिंतीला भिंत.
तिनं मान वळवली, मी पिशवीत तोंड घातलं.
कॅलेंडरवरचे देव बघावेत तसं
आम्ही दोघींनी भिंतीवरचं पोस्टर वाचलं.

परतीच्या गाडीत नेमकी एकच जागा रिकामी, तिच्याशेजारी.
जिंतूर गेलं तरी ती बोलली नाही.
मग खिडकीकडं बघतच म्हणाली,
"मही साठावी झाली.
मुंग्यांची गोळी सोडू नको बरं."

आता माझं पाकीट बॉबिनच्या डब्यात असतं.
रात्री नऊला भिंतीपलीकडून आवाज येतो, "कितवी?"
मी म्हणते, "सव्वीस."
शेजारणींना वाटतं, भिशीचे हप्ते मोजतो आम्ही.

परवा मी गप्पच राहिले.
पोटात ढवळत होतं, कंटाळा आला होता,
कशाकशाचा आला होता.
तिनं पुन्हा विचारलं नाही.
उलथन्यानं तवा वाजवला, दोनदा.
थांबून, तिसऱ्यांदा.

उठले. तांब्यात पाणी होतंच.